चाळमालकांचा ओहोळ

आधीच सांगून टाकतो, लिहिणं हा माझा प्रांत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, आणि मी चढलो म्हणून माणसांविषयी लिहिता येतंच असंही नाही. मोठ्यांनी मोठ्यांविषयी लिहिलेलं वाचायला मला आवडतं. मी ज्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे ते मोठे नव्हते आणि मीही नाही. तेव्हा कुठे चुकलं, कुठे वाहवत गेलो, तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण एक गोष्ट मी कोणासमोरही ठामपणे म्हणायला तयार आहे. सबंध बोईसरमध्ये गटाराशी आदराने वागणारा एकच माणूस होता, आणि तो आमचा चाळमालक होता.

गटार हा शब्दसुद्धा त्यांना चालत नसे. चाळीच्या कडेने एक चर वाहत असे. आठ महिने त्यात काळपट पाणी साचलेलं, आणि पावसाळ्यात तोच चर दोन्ही काठ सोडून धावायचा. आम्ही सगळे त्याला गटार म्हणायचो, उत्तरेकडचे कामगार नाला म्हणायचे, ग्रामपंचायतीच्या कागदावर त्याला काहीच नाव नव्हतं. मालक त्याला ओहोळ म्हणत. कोणी चुकून गटार म्हटलं की ते रागवायचे नाहीत, फक्त आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कोणी अरेतुरे केल्यासारखा चेहरा करून म्हणायचे, "ओहोळ हाय तो. आजारी हाय, येवढंच."

माझा मोठा भाऊ एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात होता. आमचं गाव वाणगावच्या पलीकडे डोंगराकडचं, जमीन थोडी आणि तीही पावसावरची. भाऊ बोईसरला कामाला लागला आणि त्याने मला पालघरच्या कॉलेजात घातलं. पत्र्याची ट्रंक घेऊन मी पहिल्यांदा चाळीत आलो तेव्हा मालक ओट्यावर बसले होते. बुटके, सावळे, गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात बनियन, हातात टोकाला आकडा लावलेली काठी. नाव, गाव, शिक्षण यातलं काही त्यांनी विचारलं नाही.

"आंगोळीचं पाणी कुठं टाकशील?" त्यांनी विचारलं.

"मोरीत."

"मोरीतनं कुठं जातं?"

"बाहेर."

"भायेर म्हंजे कुठं?"

बारावीला भूगोलात मला चांगले गुण होते, पण मोरीतलं पाणी पुढे कुठे जातं हा प्रश्न आम्हाला कोणी घातला नव्हता. मालक माझ्या भावाकडे वळून म्हणाले, "कालेजात घातलायस ना? मंग शिकंल हळूहळू." आणि त्याच संध्याकाळी, पाहुण्याला आपली वाडी दाखवावी तसं, त्यांनी मला ओहोळाच्या काठाने रस्त्यापर्यंत फिरवून आणलं. कुठे तो वळतो, कुठे तो दम खातो, कुठे पूर्वी खेकडे मिळत, सगळं दाखवलं. मी नाकाला रुमाल लावला होता. तो मी कधी खिशात घातला ते आता आठवत नाही.

त्यांच्या सवयी सांगायच्या तर जागा पुरणार नाही, पण काही सांगायलाच हव्यात. पाऊस सुरू झाला की माणसं आत पळतात, मालक बाहेर पडत. छत्री घेऊन पडत, पण ती उघडत नसत. विचारलं तर म्हणायचे की छत्रीखालून आपले पाय तेवढे दिसतात, पाणी कुठं चाललंय ते दिसत नाही. मग छत्री घेता कशाला, असं माझ्या भावाने एकदा विचारलं. "बायको बोलते म्हणून," ते शांतपणे म्हणाले. लग्नाला गेले की नवरानवरीवर अक्षता पडण्याआधी ते मांडवाच्या मागे जाऊन भांडी घासण्याचं पाणी कोणत्या अंगाला सोडलंय ते बघून येत. चिंचणीला त्यांच्या मेहुणीच्या घरी वास्तुशांत होती. सगळे नव्या घराचं कौतुक करत होते आणि मालकांनी मोरीत एक तांब्या ओतून पाणी जिथे थांबलं तिथे बोट ठेवलं. मेहुणीने पुढे वर्षभर त्यांच्याशी अबोला धरला. नंतर मोरी फोडून परत बांधली तेव्हा बोलणं सुरू झालं.

सगळ्यांत कठीण होती ती त्यांची संध्याकाळची फेरी. आकड्याच्या काठीने ते ओहोळात अडकलेल्या वस्तू बाहेर काढत, धूत, आणि ज्याची त्याच्या उंबऱ्यावर नेऊन देत. वस्तू कोणाची हे त्यांना कसं कळायचं देव जाणे. "तुमची ही चप्पल पडली होती," असं ते अगदी सभ्यपणे म्हणायचे, जणू रस्त्यात खिशातून काही पडलं आणि त्यांनी उचलून आणलं. फाटकी चप्पल, दांडा तुटलेला मग, दुधाच्या पिशव्या. शिवी दिली असती तर भांडता आलं असतं. एकदा माझ्या भावाचा मोडका कंगवा त्यांनी आणून दिला. भाऊ तो घेऊन बराच वेळ दारात उभा राहिला आणि मग म्हणाला, "या माणसाच्या चाळीत राहण्यापेक्षा कारखान्यात डबल ड्यूटी परवडली." पण त्यानंतर आमच्या खोलीतून ओहोळात काही गेलं नाही, हेही खरं.

हे वेड कुठून आलं ते मला दुसऱ्या वर्षी कळलं. आमची चाळ उभी होती तिथे पूर्वी मालकांचं भाताचं खाचर होतं. कारखाने आले तेव्हा त्यांनी अर्धं विकलं आणि उरलेल्यावर चाळ बांधली. ओहोळ तेव्हा खाचराच्या मधून जात असे. चाळ सरळ बसावी म्हणून त्यांनी तो कडेला सरकवला आणि अरुंद केला. तेव्हापासून दर पावसाळ्यात खालच्या टोकाच्या खोल्यांत पाणी शिरायचं. आमची खोली त्याच टोकाला. पाणी शिरलं की लोक पावसाला नाहीतर पंचायतीला दोष देत. मालक एकदा मला म्हणाले, "पाणी आमच्या वाटेत नाय आलं रे. मीच त्याच्या वाटेत घरं बांधली. आता घरं उठवता येत नाय. निदान ह्या लोकांना वाट तरी ठावी पायजे." माणसाने जन्मभर उराशी धरावी अशी ही त्यांची एवढीच इच्छा होती, आणि पुढे जे झालं ते सगळं या इच्छेपायी झालं.

कॉलेजच्या सूचनाफलकावर मी एक कागद वाचला. मुंबईची कुठलीशी संस्था शहरांतल्या पावसाच्या पाण्याविषयी लोकशिक्षण करण्यासाठी छोटी अनुदानं देणार होती. मी सहज मालकांना सांगितलं. त्यांनी मला ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. पावसाचं पाणी कुठे जातं हे लोकांना सांगायला कोणी पैसे देतं, यावर त्यांचा विश्वासच बसेना. "म्हंजे मुंबईत पण माझ्यासारखे हायत?" त्यांनी विचारलं. पैशापेक्षा त्यांना याचाच आनंद झाला होता असं मला वाटतं.

अर्ज करायला संस्था लागते म्हणून त्यांनी रातोरात ओहोळ मंडळ काढलं. सगळ्या भाडेकरूंना न विचारता सभासद केलं. माझ्या भावाला आपण कार्यकारिणीत असल्याचं न्हाव्याच्या दुकानात कळलं. काय करणार या रकान्यात मालकांनी मला लिहायला सांगितलं, "रिक्षावर कर्णा लावून चाळीचाळीतून सांगणार. पाट्या रंगवणार. माणसांना ओहोळाच्या काठाने चालवणार." एवढंच.

काही महिन्यांनी संस्थेच्या बाई आल्या. चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं हळू. ओट्यावर चहा घेता घेता त्यांनी अडचण सांगितली. अनुदान शहरी भागासाठी होतं, आणि बोईसर कागदोपत्री गाव. इथे नगरपालिका नाही, ग्रामपंचायत आहे.

मालकांनी समोरच्या चाळींकडे, त्यामागच्या चाळींकडे आणि कारखान्यांच्या धुराड्यांकडे बघितलं. "बाई, गाव होतं तवा मी हितं भात लावायचो," ते म्हणाले. "आता तुमी म्हणता गाव हाय. मंग मला खाचर तरी दाखवा."

बाई हसल्या. म्हणाल्या, "मला पटतंय हो. पण वरच्यांना पटवायला काही हातात हवं. लोकसहभाग दाखवा. तुम्ही एकटे काठी घेऊन फिरता त्याला लोकसहभाग म्हणत नाहीत. लोकांनी स्वतःहून काही केलं पाहिजे. गणपतीच्या दिवसांत, चांगला पाऊस असेल तेव्हा मी परत येते."

त्या गेल्यावर मालक ओहोळाच्या काठाने रस्त्यापर्यंत जाऊन आले. मग त्यांना नारळ सुचले.

नारळी पौर्णिमा जवळ आली होती. मालकांची बहीण खाडीकाठच्या गावात दिलेली, आणि आमचा ओहोळ पुढे दोन नाले आणि एक मोठा चर घेऊन त्याच खाडीला मिळायचा. मालकांनी घराघरांत एकेक नारळ दिला. प्रत्येकावर वेगळ्या रंगाचा ऑइलपेंटचा पट्टा. "आपापला रंग ध्यानात ठेवा," असं सांगितलं. पौर्णिमेला ओहोटीची वेळ साधून, भर पावसात, सगळ्यांनी आपला नारळ ओहोळात सोडायचा. तिकडे खाडीच्या तोंडाशी बहिणीचा मुलगा जाळं लावून उभा राहणार होता.

लोक आले ते गंमत म्हणून आले. पण नारळ म्हटला की आपल्याकडे तो नुसता सोडला जात नाही. बायकांनी त्याला हळदकुंकू लावलं. आमच्या टोकाच्या खोलीत गोरखपूरकडची एक भाभी राहायची, तिने लाल दोरा बांधला. मालक काठी घेऊन काठाने धावत होते, अडकलेला नारळ सोडवत होते, आणि जाताना ओरडून वाट सांगत होते. छत्री कुठे राहिली होती कोणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी दुपारी ते रिक्षातून पोतं घेऊन परतले. सगळे नव्हते मिळाले, पण निम्म्याहून जास्त नारळ खाडीला लागले होते. घराघरांत जाऊन त्यांनी ज्याचा नारळ त्याला दिला. भाभीच्या नारळाचा दोरासुद्धा शाबूत होता. तिने तो दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला.

"सेठजी, ये सीधा समुंदर तक गया था?"

"सीदा," मालक म्हणाले. सेठजी म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही, पण त्या दिवशी त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. "हितनं निगाला, खाडीला लागला, तितनं दर्या."

"फिर तो ये गंगाजी ही हुई."

"हां. गंगाजीच समजा."

मी शेजारी उभा होतो. दुसऱ्या कोणी ओहोळाला इतकं चांगलं म्हटल्याचं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असेल. त्यांचे डोळे भरून आले होते. भाभीने जे ऐकलं आणि मालकांनी जे सांगितलं ते एकच नव्हतं, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

ते हरतालिकेला लक्षात आलं. म्हणजे मला आलं, मालक ते दोन-तीन दिवस चिंचणीला मेहुणीच्या गणपतीला गेले होते. आमच्या चाळीत सगळ्या मुलखांच्या बायका, पण हा उपास बहुतेकींचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा उतरवायची वेळ आली तेव्हा दरवर्षी त्या दूर तलावावर जात. या वर्षी कशाला जायचं, आपला ओहोळ समुद्राला जातो, मालकांनी दाखवलंय की. ताटं घेऊन त्या रांगेने काठावर आल्या आणि वाळूचे महादेव, बेल, पत्री, फुलं सगळं हात जोडून ओहोळात सोडलं. मग दीड दिवसाचे लहान गणपती आले. मग शेजारच्या चाळींतून लोक आले, कारण नारळांची गोष्ट तिकडेही पोहोचली होती. फुटक्या काचांच्या तसबिरी, जुन्या चुनऱ्या, वर्षभर पिशवीत साठवलेलं निर्माल्य, पिशवीसकट. पूर्वी लोक तिथे कचरा टाकत तेव्हा निदान थोडी लाज बाळगून, इकडेतिकडे बघून टाकत. आता नमस्कार करून टाकत होते.

आणि मग पाऊस आला. रस्त्याखालून ओहोळ जायचा ते सिमेंटचे पाइप वाळूने आणि पत्रीने गच्च बसले, आणि पाणी मागे फिरून चाळीत शिरलं. आमच्या खोलीत स्टोव्ह तरंगू लागला. भावाने माझी पुस्तकं माळ्यावर टाकली आणि आम्ही गुडघाभर पाण्यातून बाहेर आलो. संस्थेच्या बाईंनी यायला नेमका तोच दिवस धरला होता. त्या साडी खोचून, चपला हातात घेऊन, पाण्यातून वाट काढत आल्या.

मालक पाइपाच्या तोंडाशी कमरेएवढ्या पाण्यात पहार घेऊन उभे होते. उभेच होते. पहिल्यांदा हात घातला तेव्हा त्यांच्या हाताला कचरा लागला नव्हता, बेल लागला होता. नंतर अर्धवट विरघळलेला महादेव. त्यांनी मागे वळून आमच्याकडे बघितलं.

"देवावर पहार कशी मारू?" ते म्हणाले.

इतका हरलेला माणूस मी पाहिला नव्हता. काठावर सगळी चाळ उभी होती. मग भाभी पाण्यात उतरली. तिने हाताने चाचपून वाळूचा एक गोळा उचलला, पदरात घेतला, आणि काठावर आणून ठेवला. परत गेली. तिच्या मागून दुसरी उतरली, मग तिसरी. त्यांचे नवरे उतरले. माझा भाऊ उतरला, मी उतरलो. या लोकांनी त्या चरात कधी बोटसुद्धा बुडवलं नव्हतं. घाण म्हणून कोणी उतरलं नसतं, पंचायतीची वाट बघत बसले असते. पण ते देवाचं होतं, आणि ज्याने त्याने आपल्या हाताने सोडलं होतं. घमेली आली. कोणी ओळखायचं, "ही आमची पत्री", आणि घेऊन जायचं. चाळीमागे चिंचेखाली खड्डा खणून सगळं त्यात ठेवलं. पाइपातून पाणी खळखळून सुटलं तेव्हा पाऊस थांबलेला नव्हता, पण खोल्यांतलं पाणी उतरू लागलं होतं.

बाई हे सगळं काठावर उभ्या राहून बघत होत्या. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, शाळेत मुलाचं गणित अचानक सुटल्यावर बाईंचा होतो तसा. त्यांनी मालकांना विचारलं, "हा तुमच्या कार्यक्रमातला भाग ना?"

मी मनात म्हटलं, काका, हो म्हणा. नुसतं हो म्हणा.

"नाय बाई," मालक म्हणाले. "ही माजी चूक. पाणी दर्याला जातं येवढंच मी सांगितलं आन् थांबलो. वाटेत आपली घरं हायत हे सांगायचं ऱ्हायलं."

बाईंनी हातातल्या चपला पायात घातल्या. मग म्हणाल्या, "मी जे पाहिलं ते लिहीन. पुढचं माझ्या हातात नाही."

त्या गेल्यावर मी मालकांवर चिडलो. माझ्यासारख्याने त्यांना बोलावं हे बरोबर नव्हतं, पण बोललो. "काका, अनुदान हातात आलं होतं. गप्प राहिला असतात तर काय बिघडलं असतं?"

ते बायकोने दिलेल्या टॉवेलने डोकं पुसत होते. "अरे, येवढ्या पाण्यातनं ती खरं काय ते बघायला आली," ते म्हणाले. "तिला भलतंच सांगून घरी धाडू?"

उत्तर आलं नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षीही नाही. मालक रोज पोस्टमनला विचारत, आणि तो लांबूनच मान हलवायला शिकला. मात्र पुढच्या हरतालिकेला एक गोष्ट झाली. आदल्या दिवशी भाभीने स्वतः काठावर दोरी बांधली आणि चिंचेखाली हौद मांडला. ज्या बायका ताटं घेऊन आल्या त्यांना ती हिंदीत आणि मोडक्या मराठीत सांगत होती की गंगाजीच्या वाटेत आपल्या खोल्या आहेत. मालक ओट्यावरून ऐकत होते.

मी बी.ए. झालो आणि मला नोकरी लागली ती इकडे, सांगोल्याच्या बाजूला, एका शाळेच्या कार्यालयात. इथे वर्षात मोजका पाऊस पडतो आणि पडतो तो जमिनीतच मुरतो, पुढे कुठे जातो असा प्रश्न पडत नाही. पहिल्या वर्षी मी मालकांना दोन पत्रं पाठवली. मग राहून गेलं. त्यांचे गुडघे गेले आणि ते एडवणला मुलीकडे राहायला गेले, एवढं भावाकडून कळलं होतं.

गेल्या आठवड्यात भाऊ आला. जेवण झाल्यावर सुपारी कातरता कातरता म्हणाला, "मालकांचं अनुदान मंजूर झालं." मला आधी कळलंच नाही कोणतं ते. संस्थेच्या बाई इतकी वर्षं तो कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर ढकलत राहिल्या होत्या. गावं पण शहरासारखी वाढतात हे वरच्यांना शेवटी पटलं होतं. पत्र चाळीच्या पत्त्यावर आलं, आणि भाऊ ते घेऊन एडवणला गेला.

मालक अंगणात खुर्चीवर बसले होते. कानाला कमी ऐकू येतं, म्हणून भावाने मोठ्याने वाचून दाखवलं. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "यंदा चाळीत पाणी शिरलं?"

"नाय," भाऊ म्हणाला. "तीन-चार वर्षं झाली. ओहोळात कोणी काय टाकत नाय, म्हणून शिरत नाय आता."

"मंग आपल्याला कशाला? रस्त्याच्या पल्याड नवी वस्ती झालीय ना खालच्या अंगाला, तितं शिरत असंल. बाईंना सांग, तितं लावा म्हणावं."

भावाने बाईंना तसं कळवलं, आणि त्या हो म्हणाल्या. रिक्षा ठरली आहे, कर्णा ठरला आहे, भाभी बोलायला तयार आहे. मालकांनाही खुर्चीसकट रिक्षात घालून नेणार आहेत. फक्त मराठीतून नीट समजावून सांगणारं कोणी हवं आहे.

"त्यांनी तुला विचारायला सांगितलंय," भाऊ म्हणाला. "पावसाळ्यात रजा मिळते का."